मोटारीला कोणतें पेट्रोल घालावें?



मलकापूरच्या किंवा खामगांवच्या सडकेवर पेट्रोल पंपापाशीं गाडी उभी राहिली, कीं पहिला प्रश्न येतो, "साधें घालूं, कीं भारी?" गाडींत मुलेंबाळें असतात, पुढें घाट चढावयाचा असतो; तेव्हां लिटरमागें चार रुपये अधिक गेले तरी चालतील, पण गाडीला उत्तम तेंच मिळावें, असें गृहस्थाला वाटतें. या सद्हेतूनेंच पुष्कळ घरांतला पैसा दरमहा व्यर्थ जातो. महाग पेट्रोल म्हणजे जोरदार पेट्रोल, हा समज कितपत खरा आहे, तें आज पाहूं.

पेट्रोलच्या नांवापुढें ९१, ९५, १०० असे जे आंकडे येतात, ते ऑक्टेन अंक होत. ग्रॅहॅम एडगर या अमेरिकन रसायनज्ञानें १९२६ च्या सुमारास ही मोजणी बसविली. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० व हेप्टेनला शून्य गुण द्यावयाचे, आणि आपलें पेट्रोल त्या दोहोंच्या कोणत्या मिश्रणासारखें वागतें, तें पाहावयाचें. मात्र हे गुण पेट्रोलच्या बळाचे नव्हेत, सोशिकपणाचे आहेत.

तें कसें? सिलिंडरमध्यें दट्ट्या वर येतो, तेव्हां पेट्रोल व हवा यांचें मिश्रण दाबलें जाऊन तापतें. मग ठिणगी पडते व ज्योत क्रमानें पसरते. ज्योत पोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतलें मिश्रण आपोआप भडकलें, तर दट्ट्यावर हातोडीसारखा आघात होऊन टकटक ऐकूं येते. हें नित्य घडलें तर दट्ट्या खराब होतो. म्हणून ज्या इंजिनांत दाब अधिक, त्याला अधिक ऑक्टेनचें पेट्रोल लागतें. ज्यांत दाब बेताचा, त्याला त्या जादा सोशिकपणाचा कांहींच उपयोग नाहीं.

तेव्हां निवड करणें सोपें आहे. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडावी. तींत ९१ पुरे असें लिहिलें असेल, तर ९५ वर एक पैही खर्चूं नये. ९५ आवश्यक असें लिहिलें असेल, तर मात्र काटकसर करूं नये. इंडियन ऑइलनें डिसेंबर २०२० मध्यें १०० ऑक्टेनचें पेट्रोल प्रथम दहा शहरांत आणलें. तें अशाच बलाढ्य इंजिनांसाठीं आहे, आपल्या साध्या कुटुंबवत्सल गाडीसाठीं नव्हे.

आपल्या जिल्ह्यांत परीक्षेची जागाही जवळच आहे. बुलढाणा दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर. मलकापूरकडून यावें तर राजूर घाट, खामगांवकडून यावें तर बोथा घाट. वैशाखांत भरलेली गाडी वरच्या गिअरमध्यें रेटली, कीं टकटक सुरू होऊं शकते. अशा वेळीं आधीं गिअर उतरवावा. आवाज थांबला, तर दोष पेट्रोलचा नव्हे, हांकण्याचा! तरीही न थांबला, तर इंजिनांतली काजळी व ठिणगीची वेळ कारागिराकडून तपासून घ्यावी.

ऑक्टेन वाढविण्यासाठीं पूर्वीं पेट्रोलांत शिसें मिसळीत. तें विषारी असल्यामुळें आपल्या देशांत १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालें. आतां ऊस, मका इत्यादींपासून काढलेलें इथेनॉल मिसळतात. शेंकडा वीस इथेनॉलचें पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊं लागलें. इथेनॉलचा ऑक्टेन अंक शंभराहून अधिक, परंतु उष्णता पेट्रोलपेक्षां सुमारें एकतृतीयांशानें कमी. सोशिकपणा व बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून चांगला पुरावा कोणता? नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत, इथेनॉलविरहित पेट्रोलसाठीं घडविलेल्या व दहा टक्क्यांसाठीं जुळविलेल्या चारचाकींची इंधन-कार्यक्षमता वीस टक्क्यांच्या मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनीं घटेल, असा अंदाज आहे. भारी पेट्रोल घेतल्यानें इथेनॉल टळतेंच असेंही नाहीं. जुन्या गाडीच्या मालकांनीं रबरी नळ्या तपासून घ्याव्या. आणि इथेनॉल पाणी शोषतें, म्हणून पावसाळ्यांत गाडी महिनोन्‌महिने एका जागीं उभी ठेवूं नये.

चाकांत योग्य हवा, वेळेवर तेलबदल, स्वच्छ हवागाळणी आणि संयमी वेग, यांवर खर्चलेला रुपया भारी पेट्रोलवरील रुपयापेक्षां अधिक फळ देतो. पंपावरचा आंकडा वाचण्यापूर्वीं आपल्या गाडीची पुस्तिका वाचावी, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतो.