घडीचा कॅमेरा



घरच्या माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक पडून असेल, तर ती एकदा खाली काढून पाहा. जुने सातबारे, पितळी अडकित्ता, कोणाच्या तरी लग्नातला फेटा, आणि तळाशी चामड्याच्या पाकिटात एक चपटी, हाताला जड लागणारी वस्तू, असे काहीसे त्यात निघण्याचा संभव आहे. त्या वस्तूची कळ दाबली की पुढचे दार उघडते आणि बाजाच्या पेटीला असतो तसा काळा भाता भिंगाला घेऊन पुढे येतो. हा घडीचा कॅमेरा. कोणी त्याला नुसता 'भात्याचा कॅमेरा' म्हणतात. त्यावर आगफा आयसोलेट, झाइस आयकॉन नेटर, फोग्टलेंडर बेसा किंवा इंग्लंडचा एन्साइन असे काही नाव असेल. बहुतेक १९३० ते १९६० या काळातले. आपल्याकडे अनेक घरांत बडोद्याला तयार झालेला आगफा क्लिक थ्री असायचा, तो मात्र नुसता डबा. त्याला भाता नाही. पण फिल्म दोघांचीही एकच, १२० नंबरची. कोडॅकने ती १९०१ साली बाजारात आणली आणि नवल हे, की ती आजही तयार होते, आजही मिळते. म्हणजे तुमच्या ट्रंकेतला कॅमेरा ही केवळ शोभेची वस्तू नव्हे.

मी पालघरला राहतो आणि बोईसरला इतिहास शिकवायला जातो. छायाचित्रण हा माझा धंदा नव्हे. माझे चुलतआजोबा प्राथमिक शिक्षक होते, त्यांचा आयसोलेट वाटणीत कोणालाच नको होता, म्हणून माझ्याकडे आला. भिंग स्वच्छ दिसत होते, शटर टिक् करून वाजत होते. मला वाटले, आणखी काय पाहायचे? फिल्म भरली आणि एका रविवारी थेट चिंचणीला आत्याच्या घरी गेलो. आत्या तेव्हा ऐंशीच्या घरात. "अरे, पदर तरी नीट घेऊ दे," असे म्हणत ती ओसरीवर बसली, विहिरीपाशी उभी राहिली, चिकूच्या झाडाखाली हसली. असे अकरा फोटो बाहेर काढले आणि बारावा माजघरात. फिल्म धुऊन झाली तेव्हा अकराच्या अकरा चौकटींवर नुसते ढग. आत्या कुठे आहे, ते मला ठाऊक होते म्हणून दिसत होते, दुसऱ्याला दिसले नसते. भात्याच्या कोपऱ्यांना सुईच्या टोकाएवढी भोके होती आणि त्यांतून ऊन आत शिरले होते. त्याच पावसाळ्यात आत्या गेली.

म्हणून आजचे बोलणे फोटोपासून नाही, फिल्म भरण्याच्या आधीच्या कामापासून सुरू करतो. हे काम एका रात्रीत होते आणि त्याला पैसा लागत नाही.

रात्री खोलीतले दिवे मालवा. कॅमेऱ्याची पाठ उघडा, पुढचा भाता पूर्ण बाहेर काढा, शटर बंद ठेवा. मग बारीक विजेरी पाठीकडून आत घाला आणि ती हळूहळू भात्याच्या घड्यांवरून, विशेषतः चारही कोपऱ्यांवरून फिरवा. बाहेरून पाहत राहा. भोक असेल तर काळोखात चांदणी चमकावी तसे दिसेल. आगफाच्या कॅमेऱ्यांचा भाता या बाबतीत फार बदनाम आहे. चामड्यासारखा दिसतो, पण ते अस्सल चामडे नव्हे, आणि घड्यांच्या टोकांना तो हमखास तडकतो. झाइसचा भाता सहसा टिकलेला आढळतो. एक-दोन भोके असतील तर काळा लवचीक रंग काडीने, अगदी पातळ, आतून-बाहेरून लावावा आणि भाता उघडा ठेवून रात्रभर वाळू द्यावा. जाड थर दिलात तर घडी नीट मिटणार नाही आणि दार बंद करताना भाता आणखी फाटेल. चाळणी झाली असेल तर मात्र डागडुजीत वेळ दवडू नका. नवा भाता बसवून घ्या, नाहीतर दुसरा कॅमेरा पाहा.

दुसरी परीक्षा शटरची. यातली एक गंमत नवख्याला ठाऊक नसते. अशा बहुतेक कॅमेऱ्यांत फिल्म पुढे सरकवली म्हणून शटर आपोआप ताणले जात नाही. भिंगाजवळची छोटी दांडी हाताने ओढून ते ताणावे लागते आणि मग कळ दाबावी लागते. कॅमेरा बंद पडला म्हणून टाकून दिलेल्यांपैकी काही तर निव्वळ ही दांडी न ओढल्यामुळे टाकलेले असतात! एक सेकंदाचा वेग असेल तर तो घड्याळाशी ताडून पाहा. वर्षानुवर्षे न हललेल्या शटरचे वंगण गोंदासारखे होते आणि सेकंदाचे तीन सेकंद होतात. आजच्या मोबाईलचा इथे चांगला उपयोग होतो. संथ गतीच्या चित्रणात मोबाईल सेकंदाला २४० चौकटी घेत असेल, तर १/२५ वेगाला शटर नऊ-दहा चौकटी उघडे दिसले पाहिजे. वीस दिसले, तर वेग निम्म्यावर आला असे समजा. मात्र शिवणयंत्राचे तेल त्यात घालू नका, मी हात जोडून सांगतो. ते तेल पात्यांवर पसरते आणि पाती एकमेकांना चिकटतात. काही शटरांवर 'व्ही' असे अक्षर असते. ती आपोआप फोटो घेण्याची सोय आहे. तिलाही हात लावू नये. जुनी झालेली ती यंत्रणा मध्येच अडकली की सगळे शटर अडकून बसते.

भिंगातून उजेडाकडे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्या किनाऱ्याची दमट हवा आणि चामड्याचे पाकीट या दोन गोष्टी बुरशीला फार मानवतात. म्हणून कॅमेरा त्या पाकिटात ठेवूच नये. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावा.

आता एवढे झाले की फिल्म. १२५ वेगाची कृष्णधवल फिल्म आपल्या उन्हाला चांगली. ४०० वेगाची घेतली तर या जुन्या शटरांचा सर्वांत जलद वेग बहुधा १/२०० किंवा १/३०० असल्यामुळे उन्हात ती आवरत नाही. एक खबरदारी घ्या. कॅमेऱ्यावर ६२० असा आकडा असेल, तर तो कोडॅकच्या वेगळ्या रिळासाठी केलेला आहे. ते रीळ १९९५ पासून बंद आहे. आतली फिल्म १२० चीच, पण रीळ बारीक, त्यामुळे काळोखात ती दुसऱ्या रिळावर गुंडाळून घ्यावी लागते. पहिल्याच खेपेला त्या भानगडीत पडू नका.

फिल्म सावलीत भरावी. रिकामे रीळ फिरवण्याच्या गुंडीकडे घालावे आणि भरलेले दुसऱ्या बाजूला. कागदाची जीभ रिकाम्या रिळाच्या फटीत सरळ बसवून दोन-तीन वेढे द्यावे. वेढे तिरके जात असतील तर तिथेच थांबून पुन्हा बसवावे. कागदाची काळी बाजू भिंगाकडे असली पाहिजे. पाठ बंद करून मागच्या तांबड्या खिडकीत पाहत गुंडी फिरवा. आधी खुणा येतील, मग १ हा आकडा. इथे थांबा. मोठ्या चौकटीच्या कॅमेऱ्यात एका फिल्मवर ८ फोटो बसतात, चौरस चौकटीच्या कॅमेऱ्यात १२. आणि ती तांबडी खिडकी उन्हात उघडी ठेवू नका. ती केली तेव्हाच्या फिल्मला तांबडा उजेड दिसत नसे, आताच्या फिल्मला दिसतो.

आता तुम्ही म्हणाल, "खिशात मोबाईल असताना इतकी यातायात कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी दोन उत्तरे देतो. एक म्हणजे ही चौरस चौकट नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मपेक्षा साडेतीन पटींहून मोठी असते, तेव्हा आजीच्या हातावरची शीरही तीत उमटते. दुसरे, निगेटिव्ह ही हातात धरायची वस्तू आहे. ती खिडकीसमोर धरली की तुमच्या नातवालाही दिसेल, त्यासाठी त्याला कसला पासवर्ड लागणार नाही. आणि आमच्या भागात तर घाईच आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. बरे-वाईट काय, त्याची चर्चा इतरत्र चालू आहे. मी एवढेच पाहतो, की आजचा किनारा कसा होता हे उद्या कोणी विचारील.

तर पहिली फिल्म घेऊन तारापूरला जा. तिथल्या पोर्तुगीज किल्ल्याची भिंत शिकाऊ माणसाला फार सोयीची, कारण ती हलत नाही. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ च्या जानेवारीत हा किल्ला घेतला आणि बाजी भिवराव तिथे पडले. शिक्षकांनी मुलांना घेऊन जावे, इतिहासाचा तास तिथेच होईल. अणुवीज केंद्राच्या बाजूला मात्र कॅमेरा वळवू नका, तिथे छायाचित्रणाला मनाई आहे.

प्रकाशाचा हिशेब सोपा आहे. लख्ख ऊन आणि १२५ ची फिल्म असेल तर छिद्र एफ १६ वर आणि वेग १/१०० किंवा त्याच्या जवळचा. वाळू, समुद्र अशी चकाकी समोर असेल तर छिद्र एफ २२. झाडाच्या मोकळ्या सावलीत माणूस बसला असेल तर एफ ५.६. सुरुवातीला इतके पुरे. अंतर मात्र तुम्हालाच सांगावे लागते, कारण यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांना ते मोजता येत नाही. मी खिशात एक सुतळी ठेवतो. पाच, सात आणि दहा फुटांवर गाठी मारलेल्या आहेत. एक टोक फोटो काढून घेणाऱ्याच्या हातात द्यायचे. लोक हसतात, आणि हसलेला माणूस फोटोत बरा येतो. दूरच्या देखाव्याला छिद्र एफ ११ आणि अंतर दहा मीटर लावलेत, तर साधारण पाच-सहा मीटरपासून पुढे क्षितिजापर्यंत सगळे रेखीव येते.

एक लहानशी गोष्ट. आधी कॅमेरा उघडावा, मग फिल्म पुढे सरकवावी. उलट केलेत तर भाता फटकन उघडताना आत हवेची ओढ निर्माण होते आणि ताणून बसलेली फिल्म पुढे फुगते. फोटो मधोमध धूसर का आला, हे मग कळत नाही. दारही झटका देऊन उघडू नये. एका हाताने धरून सावकाश सोडावे.

फिल्म घरी धुणे अवघड नाही, पण आपल्या हवेत एक अडचण येते. औषधांच्या पुस्तकांत दिलेला काळ २० अंशांचा असतो. १२५ च्या एफपी फोर प्लस फिल्मला आयडी ११ औषधात, पाणी न मिसळता, साडेआठ मिनिटे. मे महिन्यात पालघरच्या नळाला ३० अंशांचे पाणी येते. तितक्या उष्णतेला काम निम्म्याहून कमी वेळात उरकते, मग फिल्म कुठे काळी, कुठे पांढरी पडते. घमेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फ घालावा आणि सगळ्या बाटल्या त्यात बुडवून ठेवाव्या. औषध थंड आणि धुण्याचे पाणी गरम असे करू नये, फिल्मवरचा थर सुरकुततो. माझे विचाराल, तर पहिल्या दोन फिल्मा मुंबईत धुवायला द्याव्या आणि कॅमेऱ्याचा दोष कोणता, आपला कोणता, हे आधी ओळखायला शिकावे.

माजघरातल्या त्या बाराव्या फोटोविषयी सांगायचे राहिले. आत उजेड कमी होता, म्हणून मी कॅमेरा पाटावर ठेवून, शटर 'बी'वर लावून, मनात दोन आकडे मोजले होते. आत्या चुलीकडे पाठ करून बसली होती. तिथे भात्यावर ऊन पडायला वावच नव्हता, आणि तो एक फोटो स्वच्छ आला. हात थोडा हलला आहे तिचा, पण चेहरा आहे.

फिल्म संपली की ती शेवटपर्यंत गुंडाळून घ्या, सावलीत बाहेर काढा आणि टोकाची डिंकाची पट्टी ओली करून घट्ट चिकटवा. धुऊन आलेली निगेटिव्ह कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर गाव, तारीख आणि माणसांची पूर्ण नावे लिहा. 'आत्या' असे लिहू नका. तिचे नाव लिहा.