कचेऱ्यांचे मनोरे आणि जमिनीची वाढीव किंमत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



सकाळी साडेनऊच्या सुमारास प्रभादेवी किंवा लोअर परळ स्थानकाच्या जिन्यावर उभे राहिले, तर पूर्वीच्या गिरणगावात आजही श्रमिकांचा लोंढा शिरताना दिसतो. भोंगा वाजत नाही आणि खांद्यावर डब्याची पिशवी नसते. गळ्यात ओळखपत्र आणि पाठीवर संगणकाची पिशवी असते. त्यांच्या आधी तासभर सफाई करणारे, पहारा देणारे आणि उपाहारगृहांत राबणारे कंत्राटी कामगार येऊन गेलेले असतात. कापडाची जागा वित्तव्यवहाराने, जाहिरातीने आणि माहिती-तंत्रज्ञानाने घेतली. उत्पादनाचे स्वरूप बदलणे हा इतिहासाचा क्रम आहे, त्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. ज्या जमिनीवर हे मनोरे उभे राहिले, तिची किंमत शेकडो पटींनी कोणामुळे वाढली आणि ती वाढ कोणाच्या पदरात पडली?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने कचेरीच्या इमारतीची किंमत म्हणजे तिच्यापासून पुढे मिळावयाच्या भाड्याची आजची बेरीज. एखाद्या इमारतीचे वर्षाचे निव्वळ भाडे एक कोटी रुपये असेल आणि गुंतवणूकदाराला आठ टक्के परतावा पुरेसा वाटत असेल, तर तो तिच्यासाठी साडेबारा कोटी रुपये मोजावयास तयार होतो. आता शेजारी मेट्रोचे स्थानक झाले आणि भाडे दहा लाखांनी वाढले, तर मालकाने एक वीटही न रचता इमारतीची किंमत सव्वा कोटीने वाढते. विटा आणि पोलाद सर्वत्र जवळपास सारख्याच भावाने मिळतात. फरक पडतो तो जागेमुळे. जागेला मोल येते ते रेल्वेमुळे, पाण्याच्या नळामुळे, भरावामुळे आणि शासनाने किती मजले चढवू दिले यामुळे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी या वाढीला अनर्जित वृद्धी म्हटले. मिल हे काही समाजवादी पक्षाचे सभासद नव्हते. तरीही या वृद्धीवर समाजाचा हक्क आहे, हे त्यांना मान्य होते.

मुंबईत हा वाद नवा नाही. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बॅकबेचा समुद्र बुजविण्याचे काम हाती घेतले. त्यातील उधळपट्टी आणि गैरव्यवहार खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी चव्हाट्यावर आणले. त्याबद्दल हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. त्याच भरावाच्या टोकाला पुढे नरिमन पॉइंट हे नाव मिळाले.

स्वातंत्र्यानंतर एक शहाणपणाचा विचार पुढे आला होता. दक्षिण टोकावर कचेऱ्यांची दाटी वाढविण्यापेक्षा खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, असे १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी सुचविले. धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीचा कलही विकेंद्रीकरणाकडेच होता. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. मात्र एका हाताने नवी मुंबई आखणारे शासन दुसऱ्या हाताने नरिमन पॉइंटचे भूखंड देत राहिले आणि मंत्रालय जागचे हलले नाही. जेथे सत्ता, तेथे कचेऱ्या. बेलापूरला व्यापारी केंद्राचे नाव मिळाले, पण त्या केंद्राला जीव येण्यास कित्येक वर्षे लागली.

नवी मुंबईच्या भूमिपुत्रांनी या अर्थशास्त्राचा धडा पुस्तकाबाहेर शिकविला. पंचाण्णव गावांची जमीन संपादित झाली. शेतकऱ्याला भाव मिळाला तो भातशेतीचा आणि सिडकोने जमीन विकली ती शहराच्या भावाने. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यातील जासई परिसरात जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जण हुतात्मा झाले. त्या संघर्षातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. तिच्या अंमलबजावणीत दिरंगाई झाली, दलालही शिरले. तथापि तत्त्व महत्त्वाचे आहे. शेतकऱ्याला केवळ जुनी किंमत देऊन वाटेला लावता येणार नाही, वाढीव किमतीतही त्याचा वाटा आहे, हे शासनाला मान्य करावे लागले. आज ठाणे-बेलापूर पट्ट्यात बंद कारखान्यांच्या जागी संगणक कंपन्यांच्या कचेऱ्यांची संकुले उभी आहेत. तेथील कारखान्यांच्या कामगारांसाठी मात्र असा कोणताही टक्का ठरलेला नाही.

आता गिरणगावाकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही, पण गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि जमिनीचा प्रश्न पुढे आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत अठ्ठावन्न क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करावयाचा असेल, तर ढोबळ मानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला भाग मालकाला, अशी वाटणी त्यात होती. मालकांनी मोठ्या प्रमाणावर वाट पाहणे पसंत केले. काहींनी जुन्या शेड तशाच ठेवून त्यांत कचेऱ्या, दुकाने आणि उपाहारगृहे थाटली.

२००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. दुरुस्ती दिसावयास लहान होती. वाटणी करावयाची ती फक्त मूळच्या मोकळ्या जमिनीची. ज्या जमिनीवर गिरणीची इमारत होती, ती इमारत पाडली तरी खालची जमीन हिशोबात धरावयाची नाही. याचा अर्थ साध्या अंकगणिताने पाहावा. समजा, गिरणी पंधरा एकरांची आहे आणि बारा एकरांवर शेड, गोदामे व धुराडे उभे आहे. आधीच्या हिशोबाने उद्यानासाठी पाच एकर व घरांसाठी पाच एकर मिळाले असते. दुरुस्तीनंतर उरलेल्या तीन एकरांचीच वाटणी, म्हणजे प्रत्येकी एक एकर. गिरण्यांची जमीन बहुतेक बांधकामाने व्यापलेली होती, हे दुरुस्ती करणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मानता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये जनतेच्या बाजूने निकाल दिला; मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

याच काळात, २००५ साली, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतील आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. त्यातील मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना आणि ज्युपिटरची २७६ कोटींना गेली. या पैशातून कामगारांची देणी भागविता येतील आणि इतर गिरण्या सावरता येतील, असे समर्थन होते. कामगारांची थकलेली देणी मिळणे आवश्यकच होते, ते कोणी नाकारणार नाही. पण गिरणी सरकारची, जमीन सरकारच्या ताब्यातील. ती एकदाच विकून मोकळे होण्याऐवजी भाडेपट्ट्याने दिली असती, तर देणीही भागली असती आणि वर्षानुवर्षांचे उत्पन्नही राहिले असते. ज्युपिटरच्या जमिनीवर कचेऱ्यांचे मनोरे झाले. त्यांची मालकी पुढे परदेशी भांडवलाच्या हाती गेली आणि आता त्यांचे भाडे २०२५ साली शेअर बाजारात आलेल्या एका स्थावर मालमत्ता न्यासामार्फत गुंतवणूकदारांत वाटले जाते. अशा न्यासांचा आपल्या देशातील प्रारंभ २०१९ सालचा. मध्यमवर्गीयालाही त्यात पैसा घालता येतो, हे खरे. परंतु अल्प बचतदाराला मिळणाऱ्या चार रुपयांनी त्या जमिनीवर आयुष्य घालविलेल्या कामगाराचा हिशोब पुरा होत नाही.

गिरणी कामगारांकडून आणि त्यांच्या वारसांकडून घरांसाठी दीड लाखांहून अधिक अर्ज आले. घर मिळाले ते त्यातील लहानशा भागाला. आता उरलेल्यांना शेलू आणि वांगणी येथे घरे घ्या म्हणून सांगितले जाते. ज्याने परळमध्ये साचा चालविला, त्याच्या नातवाने कर्जतच्या गाडीत लोंबकळत परळच्या कचेरीत पहारा देण्यास यावे, असा हा न्याय आहे.

दाटीचा खर्चही जनतेनेच भरला. कचेऱ्यांचे लक्षावधी चौरस फूट वाढले, पण रेल्वेचे जिने आणि पादचारी पूल गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. ती बहुतांशी कामावर निघालेली माणसे होती. नवा पूल लष्कराने काही महिन्यांत उभा केला, म्हणजे तो बांधणे अशक्य नव्हते. त्याच वर्षी २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले. वाढीव चटईक्षेत्राचा लाभ मोजला जातो तितक्याच काटेकोरपणे जिन्याची रुंदी मोजली गेली असती, तर यातील किती जीव वाचले असते!

यावर नेहमी विचारले जाते की, समाजवाद्यांना कचेऱ्या नकोत काय? या कचेऱ्यांनी रोजगार दिला, शासनाला कर दिला. त्यांच्यावर ओझे टाकले तर त्या पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला जातील. आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. कचेरी चालविणारी कंपनी वेगळी आणि जमिनीचा मालक वेगळा. कंपनी भाडे देते ते बाजारभावाने. जमिनीच्या वाढीव किमतीतला वाटा समाजाने घेतला, म्हणून तो भाव वाढत नाही. मालकाचा अवाजवी नफा तेवढा घटतो. उलट घरे जवळ असली, प्रवास सुसह्य असला, तर कंपनीला माणसे मिळणे सोपे होते. वांद्रे-कुर्ला संकुलाचे उदाहरण समोर आहे. तेथील जमीन सार्वजनिक प्राधिकरणाने विकली नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली; तिचे अधिमूल्य प्राधिकरणाच्या तिजोरीत आले. तरी बँका आणि शेअर बाजार तेथे धावत गेलेच. त्या संकुलाचा दोष निराळा आहे. मिठी नदीकाठची पाणथळ जमीन भरून ते उभे राहिले आणि तेथे झाडू मारणाऱ्याला परवडेल असे घर त्यात ठेवले गेले नाही.

दुसरे उदाहरण गिरणगावातच आहे. ज्या विकास खात्याने बॅकबेचा समुद्र बुजविला, त्यानेच कामगारांसाठी वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावर बीडीडी चाळी बांधल्या. जमीन सार्वजनिक राहिली, म्हणून शंभर वर्षांनी शिवडी वगळता इतर चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडे आला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना त्याच जागी पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. या योजनेतही विलंब झाला, भाडेकरूंना झगडावे लागले आणि उंच इमारतींच्या देखभालीचा खर्च त्यांना पेलेल काय, हा प्रश्न उभा आहे. तरीही शेजारच्या गिरणीचा कामगार वांगणीला जातो आणि चाळीतला भाडेकरू वरळीत राहतो. या फरकाचे कारण जमिनीच्या मालकीत आहे.

पुनर्विकासाचा नवा फेरा आता सुरू झाला आहे. करोनाच्या साथीत कचेऱ्यांचे दिवस संपले असे भाकीत अनेकांनी केले होते. ते खोटे ठरले. पन्नास वर्षांपूर्वीच्या नरिमन पॉइंटच्या इमारती जुन्या झाल्या. एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटींना घेण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये केला. तेथीलच सुमारे चार एकरांच्या भूखंडासाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये मेट्रो महामंडळाला सुमारे ३,४७२ कोटी रुपये मोजले. एकराला आठशे कोटींच्या वर हा भाव पडतो. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत धावते. ती जनतेच्या पैशातून आणि जनतेने फेडावयाच्या कर्जातून झाली. नव्या नियमावलीप्रमाणे रुंद रस्त्यालगतच्या व्यापारी इमारतीस अधिमूल्य भरून पाचपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक मिळू शकतो. म्हणजे मेट्रोने भाडे वाढणार आणि नियमाने मजले वाढणार. या दुहेरी वाढीतील समाजाचा हिस्सा किती, हे आताच ठरले पाहिजे.

त्या दृष्टीने मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक जमीन विकू नये, मुदतीच्या भाडेपट्ट्यानेच द्यावी आणि भाड्याची ठरावीक काळाने फेरआकारणी व्हावी. कारखाना किंवा गोदी बंद होऊन जमिनीचा वापर बदलत असेल, तर वाटणी संपूर्ण भूखंडाची व्हावी आणि ‘मोकळी’ या शब्दाची पळवाट राहू नये. कचेऱ्यांच्या प्रत्येक मोठ्या पुनर्विकासात तेथे राबणाऱ्या कंत्राटी कामगारांसाठी भाड्याची घरे त्याच विभागात असावीत. स्थानक, जिने आणि अग्निसुरक्षा पुरी झाल्याविना भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.

कार्यकर्त्यांनी आणखी एक सवय लावून घ्यावयास हवी. २००१ ची दुरुस्ती कामगारांच्या लक्षात आली ती मनोरे उभे राहू लागल्यावर. कायद्याने मात्र तिचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी आधी प्रसिद्ध करावा लागतो. मोर्चा काढणारे पुष्कळ होते, राजपत्र वाचणारे थोडे होते. यापुढे प्रत्येक विभागाच्या शाखेने नियमावलीतील बदलांची सूचना निघताच ती मिळवावी, तिचा अर्थ चाळीत आणि कचेरीच्या दारात समजावून सांगावा आणि मुदतीच्या आत हरकती दाखल कराव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात घोषणा नाहीत. गिरणगावात पंधरा एकरांचे तीन एकर झाले ते अशाच एका मसुद्यात, हे मात्र विसरता कामा नये.