सर्वांत मोठी रात्र

(विकास नगर, लखनौ येथे मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षाचे कार्यक्रम ठरविताना आपल्या तरुण सभासदांनी एक सूचना मांडली. डिसेंबरच्या २१ तारखेची, म्हणजे वर्षातील सर्वांत मोठी रात्र मंडळातील सर्व कुटुंबांनी घराबाहेर पडून एकत्र, उत्सवाने घालवावी, अशी ती सूचना. तिच्यावर दोन आक्षेप आले. ही पाश्चात्त्यांची टूम आहे, हा पहिला; आणि आपली संक्रांत असताना हे नवे खूळ कशाला, हा दुसरा. दोन्ही आक्षेप प्रेमापोटी आलेले आहेत. परमुलखात आपले म्हणून जे थोडे हाती उरते ते निसटू नये, ही त्यांमागची तळमळ आहे. म्हणून त्यांचा विचार आदरानेच व्हावयास हवा.

प्रथम आपल्या डोक्यावरच्या आकाशाकडे पाहू. लखनौ विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २७ अंशांवर आहे, तर मुंबई १९ अंशांवर. या अंतरामुळे डिसेंबरच्या २१-२२ तारखेला इथला दिवस जेमतेम साडेदहा तासांचा भरतो आणि रात्र साडेतेरा तासांची होते. मुंबईची रात्र त्याहून सुमारे अर्ध्या तासाने लहान. भर दुपारीही इथे सूर्य क्षितिजापासून पुरता ४० अंश वर येत नाही. त्यातच हे शहर पूर्वेकडे असल्याने सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या वेळी मुंबईत अजून पाऊण तासाचे ऊन शिल्लक असते. कुर्सी रोडवर धुके उतरले, की विकास नगरची दारे लवकर लागतात. पुण्या-नागपूरहून आलेल्या माणसाला ही रात्र अधिक लांब वाटते. तो केवळ मनाचा खेळ नाही. घड्याळही तेच सांगते.

आता पहिला आक्षेप. ही रात्र परकीय आहे काय? लगधाच्या वेदांगज्योतिषात पाच वर्षांच्या युगाचा आरंभच मुळी उत्तरायणाच्या आरंभाशी जोडलेला आहे. शरपंजरी पडलेले भीष्माचार्य प्राण धरून राहिले ते उत्तरायणाच्या प्रतीक्षेत. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ प्रसिद्ध केला, तो संपातबिंदूच्या सरकण्यावरून वेदांचा काळ ठरविण्यासाठी. आणि १९०३ सालच्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात तर त्यांनी ध्रुवप्रदेशातील दीर्घ रात्रीचा व दीर्घ उषेचा शोध वैदिक वाङ्मयात घेतला. त्यांचे निष्कर्ष आज विद्वानांना मान्य नाहीत, ही गोष्ट वेगळी. परंतु सूर्य कोठे वळतो हा प्रश्न मराठी मनाला केवढा जिव्हाळ्याचा वाटला होता, ते त्यावरून दिसते. पुढे १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमण्यात आली आणि तिच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तीत पौष महिन्याची पहिली तारीख २२ डिसेंबरला येते. दक्षिणायन संपले, की दुसऱ्या दिवशी सरकारी पौष सुरू! ही रात्र आपल्या पंचांगात पूर्वीपासून आहे. फक्त आपण तिला हाक मारलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. उत्तरायण डिसेंबरातच सुरू होत असेल, तर आपली संक्रांत चुकली काय? मुळीच नाही. मकरसंक्रांत म्हणजे ताऱ्यांच्या चौकटीत मोजलेल्या मकर राशीत सूर्याचा प्रवेश. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांच्या सुमारास हा प्रवेश आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच वेळी होत असे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अत्यंत सावकाश डोलतो. या अयनचलनामुळे दोहोंमध्ये सुमारे ७२ वर्षांना एक दिवस असे अंतर पडत गेले आणि आज ते साडेतीन आठवड्यांच्या घरात आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या मकरसंक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी. आज तीच संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. सहाव्या शतकात वराहमिहिरानेही लिहून ठेवले आहे, की अयनांचे बिंदू पूर्वी निराळ्या ठिकाणी होते आणि आपल्या काळी ते कर्क व मकर राशींच्या आरंभी आहेत. प्रत्यक्ष पाहावे आणि त्याप्रमाणे नोंदावे, ही आपल्या ज्योतिषाची जुनी शिस्त आहे.

शिवाय लखनौच्या आकाशाने संक्रांतीचीही बाजू राखली आहे. सर्वांत मोठी रात्र डिसेंबरात येऊन गेली, तरी सर्वांत उशिराचा सूर्योदय इथे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होतो. संध्याकाळी डिसेंबरपासूनच लांबू लागलेल्या असतात. सकाळ मात्र संक्रांतीच्या आगेमागेच परतू लागते. ‘दिवस तिळातिळाने वाढतो’ हे घरातील वडीलधाऱ्यांचे बोलणे या गावी पहाटेच्या अनुभवाशी अगदी जुळते. तेव्हा २१ डिसेंबरच्या रात्रीने तिळगुळाचा मान हिरावून घेण्याचे कारण नाही. एक रात्र अंधाराच्या सीमेवर जागण्याची, दुसरा दिवस प्रकाशाचे तोंड गोड करण्याचा.

आणि या दिवसांतील उत्सव आपल्या घरांत नव्हता काय? धनुर्मासातील, म्हणजे आपल्या धुंधुरमासातील, सूर्योदयापूर्वीचे जेवण आठवा. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, लोण्याचा गोळा, आणि उगवत्या सूर्याला नैवेद्य. इथले शेजारी याच महिन्याला खरमास म्हणतात व त्यात लग्नकार्ये करीत नाहीत. महिना सरल्यावर येणाऱ्या संक्रांतीला मात्र ते ‘खिचडी’ असेच नाव देतात, आणि गोरखपूरच्या गोरखनाथ मंदिरात खिचडी वाहण्यासाठी मोठा मेळा भरतो. आपली पहाटेची खिचडी आणि त्यांची संक्रांतीची खिचडी एकाच ताटात येण्याला कोणती हरकत आहे? आपला तिळगूळ आणि लखनौची रेवडी तर सख्ख्या बहिणीच होत.

इराणातही हीच रात्र ‘यल्दा’ या नावाने जागविली जाते. वडीलधाऱ्यांच्या घरी सगळे जमतात, डाळिंबे-कलिंगडे खातात, हाफिजच्या कविता वाचतात. २०२२ साली युनेस्कोने तिची नोंद मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली. ज्या शहराच्या नबाबांचे मूळ निशापूरचे, त्या शहरात हा दाखला दूरचा वाटू नये.

रात्र कशी घालवावी, याचेही उत्तर आपल्याच एका माणसाने या शहरात ठेवून दिले आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी १९२६ साली लखनौत संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कोणता राग कोणत्या प्रहरी, हा विचार त्यांनी शास्त्रशुद्ध मांडला. या रात्रीचा एकेक प्रहर तीन तासांऐवजी सुमारे तीन तास वीस मिनिटांचा असतो. मारव्याने दिवस बुडवावा, यमनाने दिवे लावावेत, बिहाग आणि मालकंसाने मध्यरात्र तोलून धरावी, ललिताने पूर्वेकडे पाहावे आणि भैरवाने सूर्याला सामोरे जावे. कोजागरीला आपण चंद्रासाठी जागतो. या रात्री सूर्यासाठी जागावे. आणि पहाटे खिचडीच्या पानावर, चौकात हिवाळ्यात मिळणाऱ्या निमिषचा, म्हणजे दंवात ठेवलेल्या दुधाच्या त्या फेसाचा, एक द्रोण असावा.

आता मुद्द्याची गोष्ट. तरुणांच्या सूचनेत हॉटेलचा बेत होता. माझी विनंती एवढीच, की बेत सभागृहात व्हावा, आणि पानांची संख्या ठरविण्यापूर्वी आणखी एक यादी करावी. आपल्या मंडळात अशी कितीतरी घरे आहेत, की जेथे मुले बंगळूरला वा परदेशी गेली आणि मागे दोघेच, कधी एकच, राहिले. साडेतेरा तासांची रात्र खरी कोणाला मोजावी लागते? त्यांना. हिवाळ्यात, धुक्यात, ते कोणाकडे जाऊ शकत नाहीत, आणि ‘न्यायला या’ असे म्हणण्याचा त्यांचा स्वभाव नाही. प्रत्येक तरुण कुटुंबाने अशा एका घरी स्वतः जावे, काका-काकूंना शालीत गुंडाळून आणावे आणि सूर्योदयानंतर पोहोचवावे. वसाहतीच्या फाटकावर शेकोटीपाशी बसणाऱ्या चौकीदारालाही पहिले पान जावे. एवढे झाले तर तो उत्सव. एरवी ते केवळ जागरण.

लोकमान्य टिळक डिसेंबर १९१६ मध्ये याच लखनौत काँग्रेसच्या अधिवेशनाला आले होते. १९०७ साली सुरतेस दुभंगलेली काँग्रेस इथे पुन्हा एकत्र आली, आणि हिंदू-मुसलमानांचा करारही इथेच झाला. सूर्य वळून तेव्हा चार-पाच दिवसच झाले होते. दिवस वाढू लागला आहे हे त्या आठवड्यात डोळ्यांना दिसत नाही. तरी तो वाढत असतो. पन्नास वर्षे मंडळ टिकले तेही असेच, न दिसणाऱ्या मिनिटा-मिनिटांच्या भरीने. येत्या २१ डिसेंबरला आपल्यापैकी एकाही घरी कोणी एकटे अंधार मोजीत बसू नये, ही इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.