पहिले दोन-तीन आटे हाताने

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला पाच मिनिटं दिली आहेत. आपल्या स्कूटरच्या वर्गाबद्दल बोलायला ती कमीच आहेत. पण वेळ पाळतो, कारण वर्कशॉपचे सर पहिल्या रांगेत बसले आहेत आणि त्यांनी एकदा घड्याळ बघून झालं आहे.

अकरावीला आम्ही काही जणांनी दुसरी भाषा आणि एक विषय सोडून दोनशे गुणांचा द्विलक्षी विषय घेतला, स्कूटर आणि मोटारसायकल सर्व्हिसिंग. बाकीची मुलं आम्हाला 'ग्रीस कंपनी' म्हणायची. प्रॅक्टिकल संपवून केमिस्ट्रीच्या तासाला गेलो की रॉकेलच्या वासानं आजूबाजूचे बाक रिकामे व्हायचे. घरीसुद्धा "एवढं शिकून गॅरेजच का?" असं विचारलं जायचंच.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचं वर्कशॉप होतं. दोन व्हाइस, पान्यांचा एक बोर्ड आणि मधोमध कापून ठेवलेलं टू-स्ट्रोक इंजिन. सर ते हातानं फिरवून दाखवायचे. पिस्टन वर गेला की वरचं मिश्रण दाबलं जातं आणि त्याच वेळी खाली क्रँककेसमध्ये नवं ओढलं जातं. ठिणगी पडली की पिस्टन खाली येतो, जळलेला धूर बाहेर आणि नवं मिश्रण आत. व्हॉल्व्ह नाहीतच, सिलिंडरच्या खिडक्या पिस्टनच उघडतो आणि झाकतो. वंगणाला वेगळी सोय नाही, म्हणून लिटरभर पेट्रोलमध्ये वीस मिलिलिटर ऑइल. घरोघरी स्कूटर तिरकी करून किक मारायचा विधी चालायचा तो काळ. इंजिनाच्या पोटात काय घडतं ते आम्हाला त्या शेडमध्ये कळलं.

सरांचा नियम होता, बंद गाडी आली की आधी पान्याला हात लावायचा नाही. आधी तीन प्रश्न. पेट्रोल येतंय का? ठिणगी पडतेय का? दाब आहे का? प्लग काढून बघायचा. कोरडा असेल तर टाकीच्या कॉकपासून कार्ब्युरेटरच्या जेटपर्यंत शोधत जायचं. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, मग ठिणगी बघायची. ती बरोबर असेल तर प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून किक मारायची. अंगठा उडाला पाहिजे. "अंदाजानं पार्ट बदलतो तो मेकॅनिक नव्हे, दुकानदाराचं गिऱ्हाईक," असं सर म्हणायचे.

आता जे सांगायला मी मुद्दाम आलो, ते सांगतो.

बारावीला शाळेतल्याच एका कर्मचाऱ्यांची चेतक आमच्याकडे आली होती. प्लग साफ करून, फिलर गेजनं गॅप बघून परत बसवायचा, एवढंच काम. जोडीला माझा बाकमित्र होता. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादी. म्हणून सरांनी शंभरदा सांगितलेलं, पहिले दोन-तीन आटे हातानं फिरवायचे, मगच पाना. मित्र रॉकेल आणायला गेला होता, मला घाई होती. मी सरळ पान्यानंच फिरवला. प्लग तिरका बसला. हाताला जड लागलं, ते मला कळलंही. तरी मी जोर लावला.

दुसऱ्या दिवशी गाडी परत आली. प्लग उघडला तर त्याच्याबरोबर ॲल्युमिनियमचा चुराच बाहेर आला. आटे गेले होते. सरांनी विचारलं, "कोणी बसवला?" मी खाली बघितलं. माझ्या मित्रानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मी, सर."

हेड उतरवून लेथवाल्याकडे पाठवलं. भोक मोठं करून त्यात बुश बसवला, गाडी नीट झाली. मित्राला मात्र महिनाभर पाना मिळाला नाही. तो एका कोपऱ्यात बसून रॉकेलमध्ये पार्ट धूत राहिला आणि मी त्याच्यासमोर कार्ब्युरेटर उघडायला शिकलो.

सर, तो प्लग मी बसवला होता.

मित्रा, तू तिसऱ्या रांगेत बसला आहेस. इतक्या वर्षांत तू हा विषय एकदाही काढला नाहीस आणि मीही नाही. तुझ्या गॅरेजवर चहा प्यायला कितीदा आलो, प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून आलो, आणि साखर जास्त झाली एवढंच बोलून परतलो. आज सगळ्यांसमोर माफी मागतो.

मी पुढे कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. हाताखाली नवीन पोरं येतात. मशीन बिघडलं की 'कोणी केलं' हे मी चारचौघांत विचारत नाही. एकेकट्याला बोलावून 'काय झालं' ते विचारतो. खरं सांगणाऱ्याच्या हातातला पाना काढून घेत नाही. सर, हे तुमच्यावर बोट नाही. मी खरं सांगितलं असतं, तर तुम्हीही काढून घेतला नसता हे मला माहीत आहे.

शेवटचं एक. आपली शेड आता बरेचदा बंद असते. २०२० पासून बीएस-६ आलं, बहुतेक नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं. मग आता हे कशाला शिकवायचं, असं कोणी विचारेल. पण पेट्रोल, ठिणगी आणि दाब हे तीन प्रश्न आजही तेच आहेत. शेतातल्या फवारणी पंपाचं छोटं इंजिनही त्यांनाच उत्तर देतं. म्हणून माझी शाळेला विनंती आहे, महिन्यातून दोन शनिवार ती शेड उघडी ठेवावी. इंजिन आणि हत्यारांचा खर्च माझा. शिकवायला माझ्या मित्रानं यावं. मी येऊन पार्ट धुवीन. माझा एक महिना बाकी आहे.