दुसऱ्याच्या वतीने बोलताना

शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत विद्यार्थी उभा राहतो तेव्हा तो आपल्याला पटलेली बाजू मांडतो, निदान तशी त्याची समजूत असते. गेल्या काही वर्षांत शहरांतील शाळांतून वादविवादाचा जो एक नवा प्रकार रूढ झाला आहे, त्यात मात्र ही मोकळीक नाही. नववी-दहावीच्या मुलापुढे एक पाटी ठेवलेली असते व तिच्यावर एखाद्या परक्या देशाचे नाव असते. दोन-तीन दिवस त्याने त्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बोलावयाचे, त्या देशाचे हित पाहावयाचे व मतही त्या देशाच्या धोरणास धरूनच द्यावयाचे. या प्रकारास इंग्रजीत मॉडेल युनायटेड नेशन्स म्हणतात. मराठीत त्यास अभिरूप राष्ट्रसभा म्हणावयास हरकत नाही.

या सभेची रीत ठरलेली आहे. कोणास कोणता देश मिळाला हे काही आठवडे अगोदर कळते. मग मुले त्या देशाचा भूगोल, व्यापार, शेजाऱ्यांशी असलेले संबंध व पूर्वी केलेले करार यांचा अभ्यास करून एक लहानसे भूमिकापत्र तयार करतात. सभा सुरू झाली की नावनिशीवार भाषणे होतात, हरकतीचे मुद्दे निघतात, मध्यंतरी खलबतांसाठी वेळ मिळतो व कोपऱ्याकोपऱ्यांत मसुदे तयार होऊ लागतात. त्यांवर उपसूचना येतात आणि शेवटी ठराव मतास टाकला जातो. सुरक्षा परिषदेचे रूप घेतले असेल तर पंधरांपैकी नऊ मते लागतात, आणि नकाराधिकार असलेल्या पाच देशांपैकी एकाने जरी विरोधी मत दिले तरी सर्वांची मेहनत वाया जाते. हा अन्याय आहे असे मुलांस वाटते. जगाचा कारभार कसा चालतो हे मात्र त्या एका अनुभवाने त्यांस पुस्तकापेक्षा अधिक समजते.

ही कल्पना तशी जुनीच आहे. पहिल्या महायुद्धानंतर 1920 साली राष्ट्रसंघ कामास लागला, तेव्हा त्याच दशकात अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी त्याच्या बैठकींच्या प्रतिकृती भरवावयास आरंभ केला. 1945 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाल्यावर त्या सभांनी नवे नाव घेतले. हेग शहरात 1968 पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी मोठे संमेलन भरत आले आहे. आपल्याकडेही याच जातीची एक योजना आहे. 1962 साली मुंबईस भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने शाळांत युवा संसद भरवावी अशी शिफारस केली व 1966-67 पासून दिल्लीच्या शाळांत ती सुरू झाली. पुढे केंद्रीय विद्यालयांतून व नवोदय विद्यालयांतून तिचा प्रसार झाला.

महाराष्ट्राच्या इतिहासाशी परिचय असलेल्यांस तर दुसऱ्याच्या वतीने बोलणे ही गोष्ट मुळीच अपरिचित वाटू नये. आज वकील म्हटले की कोर्टकचेरी आठवते. पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी राहणारा राजप्रतिनिधी. दिल्लीत हिंगणे, निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे अशा माणसांनी हे काम केले. धन्याचे म्हणणे परक्यास पटेल अशा भाषेत मांडणे आणि परक्याच्या मनातले अचूक ओळखून धन्यास लिहून कळविणे, अशी त्या कामाची दोन अंगे होती. दुसरे अंग पहिल्याहून अवघड होते.

त्या काळचा एक मोठा तह भोपाळच्या परिसरातच झाला. 1737 च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामास भोपाळ येथे कोंडीत धरले व जानेवारी 1738 मध्ये, सध्याच्या सीहोर जिल्ह्यातील दोराहा सराई येथे, निजामाने माळव्याचा सुभा, नर्मदा व चंबळ यांमधील प्रदेशावरचा हक्क आणि पन्नास लाख रुपये बादशहाकडून मिळवून देण्याचे लिहून दिले. माळव्याची सनद प्रत्यक्ष हाती पडावयास मात्र 1741 साल उजाडले. तोवर बाजीराव हयातही नव्हता. कागदावर मान्य होणे व पदरात पडणे यांतील हे अंतर, ठराव मंजूर झाला म्हणून टाळ्या वाजविणाऱ्या मुलांस अवश्य सांगावे.

त्याच भोपाळच्या नैर्ऋत्येस, भदभदा धरणाच्या बाजूस, कोटरा सुल्तानाबाद ही वस्ती आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले, नागपूरची सरकारी कचेरी इकडे आली व तिच्याबरोबर अनेक मराठी कुटुंबेही आली. त्यानंतर शहर या दिशेस पसरत गेले. जवळच नेहरूनगरात वनप्रबंध संस्था आहे, भदभदा रस्त्यावर राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे, आणि पुढे केरवा धरणाच्या वाटेवर राष्ट्रीय विधि विद्यापीठ आहे. कायदा व करार यांचा अभ्यास करणाऱ्या इतक्या संस्था शेजारी असता येथील मुलांस अभिरूप राष्ट्रसभेची गोडी लागावी यात नवल नाही. परंतु या मुलांपुढे एक असा प्रश्न येतो, जो पुण्याच्या किंवा दिल्लीच्या मुलांपुढे तितक्या तीव्रतेने येत नाही.

समजा, सभेचा विषय आहे परदेशी कंपन्यांचे उत्तरदायित्व, आणि कोटऱ्याच्या मुलीपुढील पाटीवर नाव आहे अमेरिकेचे. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री शहराच्या उत्तर भागातील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन विषारी वायू सुटला. नुकसानभरपाईच्या निवाड्यांत मान्य झालेल्या मृत्यूंचीच संख्या पाच हजारांवर जाते; श्वसनाचे, डोळ्यांचे विकार जडलेले तर लाखांनी मोजावे लागतात. ज्या घरात आजीचा खोकला अजून त्या रात्रीची आठवण देतो, त्या घरातील मुलीने अमेरिकेची बाजू मांडावी काय? काही पालकांस हे क्रौर्य वाटेल, आणि त्यांस हसण्यावारी नेण्याचे कारण नाही.

पण प्रत्यक्षात काय घडले ते पाहिले म्हणजे या अभ्यासाचे मोल ध्यानात येते. भारत सरकारने अमेरिकेत दावा लावला, तेव्हा न्यूयॉर्कच्या न्यायालयात भूमिकांची विलक्षण अदलाबदल झाली. भारतातील न्यायालये एवढा मोठा दावा पेलण्यास असमर्थ आहेत, असे भारताच्या बाजूने सांगण्यात आले. ती पूर्ण समर्थ आहेत असे अमेरिकन कंपनी म्हणत होती, व तिच्या बाजूने मुंबईचे ख्यातनाम विधिज्ञ नानी पालखीवाला यांचे शपथपत्र होते. न्यायाधीश कीनन यांनी मे 1986 मध्ये दावा भारताकडे परत धाडला. कोणता पक्ष कोणत्या हेतूने कोणते सत्य पुढे करतो हे ज्यास ओळखता येत नाही, त्यास केवळ आपली बाजू न्यायाची आहे एवढ्यावर विसंबून जिंकता येत नाही. अमेरिकेची पाटी पुढे ठेवून ज्या मुलीने त्या पक्षाचे सर्व युक्तिवाद आतून तपासले असतील, तीच उद्या त्यांस समर्पक उत्तर देऊ शकेल. समजून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. हा भेद पंधराव्या वर्षी समजला तर जन्मभर उपयोगी पडतो.

याच कथेचा दुसरा भाग अधिक गंभीर आहे. 1985 च्या कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार भारत सरकारने स्वतःकडे घेतला. सरकार त्यांचे वकील झाले. मागणी तीन अब्जांहून अधिक डॉलरांची होती. फेब्रुवारी 1989 मध्ये तडजोड झाली ती 47 कोटी डॉलरांवर, आणि तीही पीडितांस न विचारता. तडजोडीपूर्वी त्यांस कळवावयास हवे होते, असे पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षाच्या डिसेंबरात मान्य केले. रक्कम वाढवून मिळावी म्हणून सरकारने केलेला अर्ज मार्च 2023 मध्ये न्यायालयाने फेटाळला. दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्याने त्या दुसऱ्याचे ऐकले नाही तर काय होते, याचा इतका ढळढळीत धडा भोपाळच्या मुलांस दूर कोठे शोधावयास नको.

अशा सभांचा आणखी एक लाभ शब्दांविषयीचा आहे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असता पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसाबाई मेहता यांनी हट्ट धरून तेथे 'सर्व मानव' असा शब्द घालविला, आणि 10 डिसेंबर 1948 रोजी जाहीरनामा त्याच रूपात संमत झाला. एका शब्दासाठी तास-तास भांडणारी मुले बाहेरच्या माणसास विनोदी दिसतात. पण 'करावे' व 'करावयास प्रोत्साहन द्यावे' यांत किती फरक आहे, हे व्याकरणाच्या तासाला कोणत्याही शिक्षकास इतके ठसविता आलेले नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1993 मध्ये मोठ्या औद्योगिक अपघातांच्या प्रतिबंधाविषयी करार संमत केला, तोही अशाच शब्दाशब्दांच्या घासाघाशीतून.

इतके असूनही या सभांत दोष शिरले आहेत हे नाकारता येणार नाही. बक्षिसाच्या लोभाने मुले ऐकण्यापेक्षा बोलण्यावर भर देतात. प्रवेशशुल्क, कोट-टाय व प्रवास यांचा खर्च सर्वांस झेपत नाही. सर्वांत मोठी अडचण भाषेची. बहुतेक सभा इंग्रजीत चालतात, त्यामुळे हिंदी माध्यमाचा हुशार विद्यार्थी दाराबाहेरच राहतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत हिंदी नाही हे खरे; पण याच मध्य प्रदेशात, ग्वाल्हेरला जन्मलेल्या अटलबिहारी वाजपेयींनी 1977 साली परराष्ट्रमंत्री म्हणून तेथील आमसभेत हिंदीत भाषण केलेच ना? मग कोटऱ्याच्या शाळेत हिंदीत, आणि नागपूर-साताऱ्याच्या शाळेत मराठीत, अशी सभा भरविण्यास कोणती आडकाठी आहे? भूमिकापत्रे वहीच्या पानावर लिहिता येतात व पाट्या पुठ्ठ्याच्या करता येतात. त्यास लागतो तो अभ्यास करून घेणारा एक शिक्षक आणि वाचनालयाची उघडी कपाटे.

शाळांनी आणखी एक नियम अवश्य पाळावा. ठराव झाल्यावर शेवटचा एक तास पाट्या खाली ठेवावयास सांगाव्या, आणि प्रत्येकाने स्वतःच्या नावाने दोन मिनिटे बोलावे: ज्या देशाची बाजू मांडली ती कोठे पटली, कोठे पटली नाही, व सभेत कोणाचे म्हणणे कोणीच मांडले नाही. अमेरिकेची बाजू नेटाने लढविलेल्या त्या मुलीस मग आपल्या आजीविषयी बोलता येईल. त्या वेळी तिच्या बोलण्यात राग असेलच, परंतु त्या रागाला पुराव्याची व विचाराची जोड मिळालेली असेल. उद्या कोणाच्या तरी वतीने खरोखर बोलण्याची जबाबदारी तिच्यावर आली, तर बोलण्यापूर्वी त्यांस विचारावयास ती विसरणार नाही, एवढी आशा बाळगावयास हरकत नाही.