काळा माणूस आणि त्याची पार्टी
(अभ्यासवर्गातलं भाषण)



काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. पण अंदमानची वसाहत १८५८ ची. त्याच्या कितीतरी आधी इंग्रज सरकारनं ही शिक्षा आपल्याच देशातल्या गोरगरिबांवर चालवली होती. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत सुमारे १,६०,००० माणसं बोटींत कोंबून ऑस्ट्रेलियात नेली. कुणी कापड चोरलेलं, कुणी मेंढरू पळवलेलं, आणि कुणी नुसती संघटना बांधलेली. यातल्या एकाचीच गोष्ट मी आज सांगणार आहे.

त्याचं नाव विल्यम कफी. जन्म १७८८, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात. बाप सेंट किट्स बेटावर गुलाम म्हणून जन्मलेला, पुढे आरमाराच्या जहाजावर आचारी. आई इंग्लिश. पोराचा कणा आणि पाय जन्मतःच वाकडे. वाढून उंची भरली चार फूट अकरा इंच. धंदा शिंप्याचा. म्हणजे काळा, कुबडा, गरीब. प्रस्थापितांना हसायला आणखी काय लागतं?

१८३४ साली लंडनच्या शिंप्यांनी संप केला. सुरुवातीला या युनियनबद्दल कफीचं मत काही बरं नव्हतं. पण संप झाला तेव्हा तो भावांबरोबर बाहेर पडला, आणि नोकरी गेली. वयाच्या पन्नाशीत माणसं गप्प बसायला शिकतात. हा पन्नाशीत चळवळीत शिरला.

चळवळ होती चार्टिस्टांची. मागण्या सहा. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, उमेदवाराला मालमत्तेची अट नको, खासदाराला पगार, सारखे मतदारसंघ, आणि दरवर्षी निवडणूक. बायकांना त्या सनदेत जागा नव्हती, हेही सांगून टाकतो. चळवळी आपल्याच घरात आंधळ्या असतात. तर या मागण्यांसाठी कफी लंडनमध्ये असा उभा राहिला, की 'टाइम्स' पेपर तिथल्या चार्टिस्टांना 'काळा माणूस आणि त्याची पार्टी' म्हणून हिणवू लागला. व्यंगचित्रवाले त्याच्या मागे लागले. पहिलं हत्यार नेहमी हेच असतं. आधी हसून मारून बघायचं.

१० एप्रिल १८४८. केनिंग्टनच्या मैदानात हजारो मजूर जमले. मोर्चानं पार्लमेंटवर जाऊन अर्ज द्यायचा होता. सरकारनं थेम्सचे पूल अडवले, पांढरपेशांच्या हातात दंडुके देऊन त्यांना शिपाई केलं. पुढारी फर्गस ओकॉनर नमला. मोर्चा रद्द, अर्ज भाड्याच्या घोडागाड्यांतून रवाना! मोर्चाच्या व्यवस्थेचा प्रमुख कफी होता. तो भयंकर चिडला. वरचा पुढारी वाटाघाट करून मोकळा होतो आणि खालचा कार्यकर्ता मैदानात उभा राहतो, हे काय आपल्याला नवीन आहे?

त्याच वर्षी सरकारनं नवा कायदा आणला. राजद्रोहाला फाशी होती म्हणून ज्युरी कचरायची. आता फाशीऐवजी जन्माची हद्दपारी ठेवली, म्हणजे दोषी ठरवणं सोपं. उघड बोललेले शब्दसुद्धा त्या कायद्यात गुन्हा. ऑगस्टमध्ये कफीला उठावाच्या कटात पकडलं. कट नव्हताच असं मी म्हणणार नाही. उठावाची तयारी चालली होती आणि तो त्या कमिटीत होता. पण त्या गटात पॉवेल नावाचा पोलिसांचा खबऱ्या बसलेला, आणि खटला उभा राहिला तो अशांच्या साक्षीवर. कोर्टात कफीनं विचारलं, माझ्या बरोबरीच्या माणसांची ज्युरी कुठंय? शिंप्याचा न्याय मालमत्तावाल्यांनी करायचा? उत्तर मिळालं : जन्मठेप, समुद्रापार.

नोव्हेंबर १८४९ मध्ये बोट होबार्टला लागली. आज ज्याला टास्मानिया म्हणतात तेच हे बेट. कफी तेव्हा एकसष्ट वर्षांचा. तिथंही हातात सुईच. चार वर्षांनी त्याची बायको मेरी अॅन तिकडे जाऊन पोचली. १८५६ ला माफी मिळाली, तरी तो परतला नाही. तिथल्या मालक-नोकर कायद्यात काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंग होता. म्हातारा त्याच्याविरुद्ध उभा राहिला. होबार्टच्या थिएटरातल्या सभेत त्यानं समोरच्यांना गुलामबंधूंनो अशी हाक मारली, आणि सांगितलं, मी म्हातारा आहे, गरीब आहे, बेकार आहे, कर्जात आहे, तेव्हा तक्रार करायचा मला हक्क आहे.

आता एक कडू गोष्ट. कफी उतरला त्या बेटाचे मूळ मालक काळेच होते. गोऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या, उरलेल्यांना फ्लिंडर्स बेटावर डांबलं, आणि १८४७ ला जगलेवाचलेले पन्नासएक लोक होबार्टजवळ ऑयस्टर कोव्हला आणून ठेवले. गुलामाचा मुलगा ज्या जमिनीवर मजुरांसाठी भांडत होता, ती जमीनच लुटीची होती. सरकारनं एका लुटलेल्याला दुसऱ्या लुटलेल्याच्या छातीवर नेऊन बसवलं. आपण पिळलेले आहोत म्हणून आपल्या पायाखाली कुणी नाही, असं समजू नका. खाली बघा.

१८७० च्या जुलैत, ब्याऐंशीव्या वर्षी, कफी होबार्टच्या सरकारी गरीबखान्यात मेला. त्याच्या देशात सगळ्या प्रौढ पुरुषांना मत मिळालं ते १९१८ ला. पुढे १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी आपल्यासाठी प्रौढ मतदान मागितलं, तेव्हाही अडाण्यांना मत कशाला म्हणणारे होतेच.

म्हणून, मित्रांनो, निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीत पाकीट घेऊन कुणी येईल, तेव्हा त्या चार फूट अकरा इंचाच्या शिंप्याला आठवा. नुसतं मत मागितलं म्हणून त्याला हसले, आणि मागणं सोडेना म्हणून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला फेकलं. त्या मताची किंमत पाचशे रुपये नाही.

जयभीम.