फूटभर खड्डा आणि शाळूचा पेरा



आपल्या सोलापूर जिल्ह्यात पाऊस अगदीच पडत नाही, असे नाही. पण तो मनाला येईल तेव्हा पडतो, आणि शाळूला तर जमिनीच्या पोटातल्या ओलीवरच दिवस काढावे लागतात. ती ओल राखावी कशी, यासाठी १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू संशोधनाचे काम सुरू झाले. बांध घाला, पाळ्या द्या, पेरा पातळ ठेवा, ओळींत अंतर सोडा, ही कानिटकरांची शिकवण ‘मुंबई पद्धत’ म्हणून गाजली. पीक वाढले, पण खरे सांगायचे तर थोडेच वाढले. कारण सगळ्या रानाला एकच औषध!

पुढे केंद्राने जमिनीची खोली पाहायला शिकवले, आणि माझ्या मते मोठे काम तेच. कुदळ घ्या, खड्डा खणा. मुरूम फुटावरच लागला तर तिथे फुले अनुराधा पेरावी. दोन फुटांपर्यंत माती असेल तर फुले सुचित्रा किंवा आपली मोहोळची मालदांडी ३५-१, आणि त्याहून खोल काळ्या रानात फुले वसुधा. गुरुजी, मुलांना घेऊन शिवारात असे चार खड्डे घ्याच. भूगोलाचा तास सार्थकी लागेल.

हस्ताची वाट पाहत बसू नका. सप्टेंबरच्या मध्याला ओल असली की पेरून घ्या. फार लवकर पेरले तर खोडमाशी पोंगा खाते, म्हणून बियाला औषध चोळायला विसरू नका. दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवा. मग तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी. पहिलीने तण जाते. शेवटची दातेरी कोळप्याने करायची, म्हणजे भेगा बुजतात. भेग म्हणजे ओलीला उघडे दारच की!

आता तुम्ही म्हणाल, बैल कुठून आणू? रास्त आहे. भाड्याचे बैल वेळेवर मिळत नाहीत, आणि दोन एकरवाल्याचा पेरा तिथेच चुकतो. यावर आपली जुनी इर्जिकच बरी. चार घरांनी पाळी आधीच ठरवून घ्यावी.

आणि जिथे ज्वारी पोसतच नाही, त्या माळावर बोर लावा. गावठी बोरीची रोपे जागेवरच वाढवून त्यांवर चांगल्या जातीचा डोळा भरावा. उन्हाळ्यात ही झाडे पाने गाळून स्वस्थ राहतात, आणि पावसाच्या ओलीवर हिवाळ्यात फळ देतात.